काईच नोका करू

फोन उचलला की माणसं 'हॅलो' म्हणतात, फार तर 'बोला' म्हणतात. पवनीचे आमचे काका म्हणत, "काईच नोका करू." म्हणजे काहीच करू नका. समोरून कोण बोलतंय आणि कशासाठी बोलतंय हे कळायच्या आतच. एकदा कोणीतरी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला फोन लावला, तर त्यालाही त्यांनी हेच ऐकवलं. तो बिचारा दोन दिवस बेचैन होता, काकांना नवरदेवाबद्दल काही भलतंसलतं कळलंय की काय म्हणून. तेव्हापासून सगळ्या तालुक्यात त्यांचं नाव नोकाकरू काका पडलं. खरं नाव त्यांच्या घरावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी उघड्या दाराच्या आड जाई आणि त्यांचं दार सहसा बंद नसे.

काका मूळचे विणकर. घराच्या पुढच्या खोलीत माग. सकाळी मागावर ते स्वतः बसत, दुपारी काकू बसत आणि काका जुन्या स्कूटरवर पिशवी अडकवून लोकांचे संगणक दुरुस्त करायला निघत. या दोन धंद्यांचा मेळ कसा बसला, असं कोणी विचारलं की त्यांना फार आनंद व्हायचा. लुगड्याच्या काठावरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. पूर्वी विणकरांच्या सोसायटीत पहिला संगणक आला तेव्हा सगळे चार हात लांब उभे होते. कोणीतरी सांगितलं की या यंत्राला फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच समजतं. काका म्हणाले, "मंग त हे आपल्याच घरचं आहे. भोक आहे त धागा वर, भोक नाही त धागा खाली. तेवढ्यात मोर निघते, त अर्ज काहून नाही निघन?" आणि ते खुर्चीवर जाऊन बसले. उठले ते संगणक शिकूनच, असं काकू सांगत.

बिघडलेल्या संगणकासमोर बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "बिघडायच्या आधी शेवटचं काय केलं?" त्यावर लोकांचं उत्तरही ठरलेलं. "काहीच नाही केलं." काका मान हलवत. "लोकं बिघडायच्या आधी काईच करत नाही, आन् बिघडल्यावर सगळं करून टाकते," असं ते म्हणायचे. त्यांचा तो फोनवरचा मंत्र याच अनुभवातून आला होता. माणूस घाबरला की हाताला येईल ते दाबतो, आणि मूळ बिघाडापेक्षा त्याचा बंदोबस्तच जास्त महागात पडतो.

'फॉरमॅट' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. आमच्याकडे संगणक जरा अडला की दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो. सगळं पुसायचं आणि पाटी कोरी करायची. काकांना हे ऐकूनच वाईट वाटायचं. "मागावर एक धागा तुटला त लुगडं कापून फेकता का?" असं ते विचारत. "जिथं तुटला तिथं जा. दोन टोकं शोधा. सांधा. पुढं चाला." त्यांनी आयुष्यात दोन की तीनच संगणक कोरे केले होते, आणि त्यांचा विषय निघाला तर ते पाणी प्यायला उठून जात.

आणि त्यांच्या गाठी. खिशात नेहमी वीतभर सुताचा तुकडा. एक उपाय केला की एक गाठ मारायची. गुण आला नाही तर केलेला बदल परत पहिल्यासारखा करायचा आणि गाठ सोडायची. मग दुसरा उपाय. "एका वेळी एकच," हे त्यांचं दुसरं ब्रीद. मी एकदा म्हटलं, काका, वहीत लिहून ठेवा ना. ते म्हणाले, "वहीतलं खोडता येते बेटा. गाठ सोडाले बोटं लागते."

आता मी माझ्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय काकांची थोरवी कळायची नाही. मी जन्माची उतावळी. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी मी कुकरची वाफ जायच्या आधी झाकणाला झटणारी. साकोलीला नोकरी करते आणि सुट्टीला आसगावला घरी जाते. घरी आई, बाबा, आणि भाऊ नोकरीला गेला तेव्हा मागे राहिलेला त्याचा संगणक. त्या संगणकावर माझ्या आईने नाटक लिहिलं.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. जत्राच ती, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आईने लहानपणापासून बायकांच्या बाजूला बसून नाटकं पाहिली आणि प्रत्येक नाटकातले संवाद तिथल्या तिथे दुरुस्त केले. "ही बाई असं कधी बोलन का?" असं ती शेजारणीला विचारायची. शेवटी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ती एका बोटाने टाइप करायला शिकली आणि दीड वर्षात तीन अंकी नाटक लिहून मोकळी झाली. तीन भाऊ घराची वाटणी करायला निघतात आणि त्यांची म्हातारी आई मध्ये उभी राहते, असं ते नाटक. कागदावर एक ओळ नाही. वही दिसली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं. संगणकापुढे बसली की बाबांना वाटणार ती भावाचे फोटो बघतेय, असा तिचा हिशेब. गावच्या नाट्यमंडळाने आधी नाक मुरडलं. बाईमाणसाने लिहिलेलं नाटक आजवर झालं नव्हतं. मग आईने त्यांना पहिला अंक तोंडपाठ म्हणून दाखवला आणि ते तयार झाले. सोमवारी प्रती छापायच्या आणि तालमी सुरू करायच्या, असं ठरलं.

शनिवारी सकाळी साकोलीला मला आईचा फोन आला. आवाज एकदम सपाट. "कॉम्प्युटर नुसता गोल गोल फिरून राहिला," ती म्हणाली.

झालं होतं असं. आदल्या दिवशी संगणक स्वतःच अपडेट व्हायला लागला. शेवटचा प्रवेश लिहिता लिहिता आई स्वयंपाकाला उठली होती, तेवढ्यात. त्याच वेळी आभाळ गरजलं. शेतातल्या बांधीत धानाचा कडपा पडलेला, म्हणजे कापून वाळत घातलेलं पीक. आमच्याकडे आभाळ गरजलं की दोन कामं करतात. घरातल्या सगळ्या वायरी काढतात, आणि कडपा झाकायला पळतात. आईने दोन्ही केली. फ्रिज, टीव्ही आणि संगणक, तिघांच्या पिना काढून ती बाबांच्या मागे शेतात धावली. पाऊस आला नाही. धान वाचलं.

"अगं, त्याच्यावर लिहिलेलं असतं ना, संगणक बंद करू नका म्हणून," मी म्हटलं.

"वाचलं ना मी," आई म्हणाली. "मी कुठं बंद केला? मी त पिन काढली."

नाटकाची दुसरी प्रत नव्हती, आणि त्याचं कारण मी. पेनड्राइव्ह आणून त्यात नाटक उतरवून ठेवते, असं मी आईला तीन सुट्ट्या सांगत होते आणि तीनही वेळा विसरले होते. बस पकडायच्या आधी मी एका दुकानात विचारलं. दुकानदार हसतमुख होता. "आणून द्या मॅडम. फॉरमॅट मारतो, अर्ध्या घंट्यात नवाकोरा." त्या 'नवाकोरा'ने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

घरी पोहोचले तर आई संगणकासमोर स्टूल घेऊन बसली होती, आजाऱ्याजवळ बसतात तशी. मी पिशवीही न ठेवता बटणं दाबायला सुरुवात केली. बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. तो दर वेळी दोन मिनिटं फिरायचा, काळा पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून फिरायचा. शेवटी कुठून तरी एक निळा पडदा आला. त्यावर बरेच पर्याय होते. त्यातला एक मला आशेचा वाटला आणि मी त्याच्यावर गेले. माझं बोट एंटरवर होतं तेव्हा आई म्हणाली, "त्या पवनीवाल्या भाऊंले त इचारून पाय." मी एका हाताने फोन लावला. दुसऱ्या हाताचं बोट तसंच.

"काईच नोका करू," काका म्हणाले.

मी बोट उचललं. नंतर काकांनी दाखवलं, मी ज्याच्यावर गेले होते त्या पर्यायाचा अर्थ 'सगळं काढून टाका' असा होता. आजही मला कधी कधी त्या एंटरची आठवण होते.

काका तासाभरात आले. आल्या आल्या संगणकाकडे पाहिलंही नाही. पाणी प्यायले, बाबांना धानाचं विचारलं. बाबा म्हणाले, "धान त वाचलं बाप्पा, नाटकाचं पाहा. दीड वर्ष एका बोटानं लिवलं तिनं." तेव्हा मला कळलं की बाबांना नाटकाचं पहिल्यापासून माहीत होतं. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मी चहाबरोबर चौकातले चार आलुबोंडे आणून ठेवले होते. काकांना त्यांची भारी आवड. पण त्यांनी ताटली लांब सरकवली. "तेलाचे हात नोका लावू मशीनले. आधी काम." मग आईकडे वळून विचारलं, "वैनी, बिघडायच्या आधी शेवटचं काय केलं?"

आईने फोडणीपासून सुरुवात केली. मी चार वेळा मध्ये तोंड घातलं आणि चारही वेळा काकांनी हात वर केला. त्यांनी फोडणी ऐकली, गरजणं ऐकलं, पिना कोणत्या क्रमाने काढल्या तेही विचारलं. सगळं ऐकून म्हणाले, "वैनी, तुमचं काईच चुकलं नाही. मले बी असंच शिकवलं आहे, वीज कडाडली का पिन काढा." आईचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा जरा सैल झाला.

मग सूत निघालं. संगणकाला जोडलेलं सगळं काढलं, प्रिंटर, कॅमेरा, जे असेल ते. एक गाठ. फरक नाही. सगळं परत जोडलं, गाठ सोडली. कमीत कमी सामानावर चालू करून पाहिला. गाठ. नाही. गाठ सोडली. मी पाय हलवत बसले होते. काकांनी न बघता सांगितलं, "बेटा, टेबल हालून राहिला." तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःचा पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरून संगणक उठवला. पडद्यावर भावाच्या कपाटासारखी सगळी कप्प्यांची रांग दिसली. मी ओरडलेच, "चालू झाला, आता दुरुस्त करून टाका." काका म्हणाले, "घराले आग लागली त आधी माणसं बाहेर काढते. मंग पाणी." नाटक आधी त्यांच्या डिस्कवर उतरलं, मग दुसऱ्या एका डिस्कवर. त्यानंतरच त्यांनी ते अर्धवट बसलेलं अपडेट उलट्या क्रमाने काढायला घेतलं. अडकायचं दुसरं कारणही सापडलं. चुलतभावाच्या लग्नाच्या चित्रफितींनी डिस्क गच्च भरली होती, अपडेटला पाय ठेवायला जागा नव्हती.

बाहेर अंगणात बाबा शेतातून आणलेलं धान हलवत होते तेव्हा आत संगणक नेहमीचा आवाज करून उठला. भावाचा जुना फोटो पडद्यावर आला. आईने पदराने डोळे पुसले आणि फोटोलाच नमस्कार केला.

काकांनी नाटकाची फाइल उघडली आणि तोंड भिंतीकडे केलं. हाही त्यांचा एक नेम. दुसऱ्याचं लिहिलेलं ते वाचत नसत. "तुमीच पाहा वैनी, पूर्ण आहे का," ते भिंतीला म्हणाले. आई एका बोटाने पानं खाली सरकवत गेली. पहिला अंक, दुसरा, तिसरा. मग तिचं बोट थांबलं.

शेवटचा प्रवेश नव्हता. आदल्या दिवशी लिहिलेला, सेव्ह न केलेला. काका तासभर शोधत राहिले. अशा वेळी संगणक आपण होऊन एक कच्ची प्रत ठेवतो, पण तिलाही जागा मिळाली नव्हती. शेवटी त्यांनी सूत खिशात घातलं. "तुटलेला धागा सांधता येते, वैनी. पण जो कापडात बसलाच नाही, तो मी कुठून आणू?"

"जाऊ द्या भाऊ," आई म्हणाली. "मंडळाले सांगून देते, यंदा जुनंच नाटक घ्या म्हणून. माह्यानं होत नाही आता." माझ्या आईला मी असं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि मला रडू आलं. तीन सुट्ट्या विसरलेला तो पेनड्राइव्ह आठवत होता.

काकांचं काम संपलं होतं. ते उठतील असं मला वाटलं. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "सांगा," ते म्हणाले. "मी लिवतो."

आई नाही नाही म्हणत राहिली. काका बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. शेवटी आईने थोरल्या भावाचं पहिलं वाक्य सांगितलं, मग धाकट्याचं. मागावर बसणाऱ्या माणसाचे हात ते, बघता बघता आईच्या तोंडाबरोबर चालू लागले. आई स्टुलावरून उठली. थोरला झाली, मधला झाली, टेप घेऊन अंगण मोजायला निघालेला धाकटा झाली. बाबा धान सोडून दारात येऊन उभे राहिले. भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातात तिथपर्यंत सगळं जमलं. त्यानंतर म्हातारीचं मोठं भाषण होतं, दीड पानाचं. त्यातलं एक अक्षर आईला आठवेना.

"काय म्हणन ते म्हातारी?" आई स्वतःशीच म्हणाली. मी सुचवायला तोंड उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मिटलं. आई काकांकडे पाहत होती. मग तिला हसू फुटलं.

"लिवा भाऊ. म्हातारी म्हणते, थांबा. काईच नोका करू."

काकांची बोटं थांबली. "हे नोका लिवू वैनी."

"लिवा म्हणते ना."

त्यांनी लिहिलं. मग आलुबोंडे खाल्ले, पार गार झालेले, चारही.

मंडईच्या नाटकाला काका-काकू पवनीहून आले होते. मी त्यांच्या मागेच बसले होते. तिसऱ्या अंकात टेप निघाली, हातघाई झाली आणि म्हातारी मध्ये आली. "थांबा," ती म्हणाली. "काईच नोका करू." क्षणभर मंडपात कोणाला कळलंच नाही. मग जे हसू उठलं ते मागच्या रांगांपर्यंत गेलं. माणसं उठून काकांना शोधायला लागली. काकांनी दुपट्टा तोंडावर घेतला, काकूंनी तो ओढून काढला. रंगमंचावरची म्हातारी तशीच हात वर करून उभी होती. हसू ओसरलं तरी तिचा हात खाली आला नाही, आणि मंडप हळूहळू गप्प झाला. धाकट्याने टेप गुंडाळली तेव्हा माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. आईचं ते दीड पानाचं भाषण कसं होतं कोण जाणे, पण ते याच्याइतकं खासच नसणार.

पुढच्या वर्षी मंडळ स्वतःहून आईकडे नाटक मागायला आलं. ती आता दर शनिवारी नाटक पेनड्राइव्हवर उतरवते आणि पदराला गाठ मारते. मीही सुधारले, असं घरचे म्हणतात. एंटर दाबायच्या आधी मी आता बोट उचलून बघते. संगणकापुढे तर नक्कीच, आणि इतर ठिकाणी आठवलं तर.

काका मागच्या उन्हाळ्यात गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेरवीला आम्ही पवनीला गेलो तेव्हा पुढच्या खोलीत त्यांच्या पुतण्याची आणि नातेवाइकांची चर्चा चालू होती. माग काढून टाकू, खोली दुकानाला देता येईल. काकूंना आता एकटीने जमणार नाही. मागावर एक लुगडं होतं, हिरवं, विटकरी काठाचं, अर्ध्याच्या जरा पुढे विणलेलं. कोणीतरी कात्री आणली. काकू कोपऱ्यात बसून नुसत्या बघत होत्या.

"थांबा. काईच नोका करू."

बायकांच्या घोळक्यातून आई उठली होती. खोलीतली सगळी माणसं वळली. कात्रीवाला हात तसाच वर राहिला. तेवढ्यात काकूंना हसू आलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा, असं त्या नंतर म्हणाल्या. त्या हसता हसता रडल्या, मग पुन्हा हसल्या, आणि मग खोलीत कोणालाच आवरेना. पुतण्याने कात्री स्वतःच नेऊन ठेवली.

ते लुगडं काकूंनी पूर्ण केलं. महिनाभर लागला. मग आसगावला येऊन आईच्या ओटीत घातलं. आई ते मंडईला नेसते. काकांचा हात कुठे थांबला आणि काकूंचा कुठे सुरू झाला, ते शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, उजेडात धरून, उलट बाजूने, बोट फिरवून. मला सापडलेलं नाही. आईला मात्र पक्कं ठाऊक आहे. कोणीही विचारलं की ती लगेच पदर पसरते आणि बोट ठेवून दाखवते, हे पाय, इथं. आणि दर वेळी वेगळ्या जागी.